हत्यारपेटी, जुन्या ट्रॅक्टरांची

हत्यारपेटी, जुन्या ट्रॅक्टरांची : शेतावर काम चालू असताना लागणारे पाने, पक्कड, हातोडा, तेलाची कुप्पी व किरकोळ सुटे भाग ठेवण्यासाठी ट्रॅक्टरवर कायम बसविलेल्या पेटीस हत्यारपेटी असे म्हणतात. ती बहुधा पत्र्याची, क्वचित बिडाची असून ट्रॅक्टरच्या घडणीनुसार आसनाखाली, मडगार्डवर, इंधनटाकीच्या बाजूस किंवा बॉनेटखाली बसविलेली असते. ट्रॅक्टरच्या एकूण किंमतीच्या मानाने हा भाग नगण्य होय. तथापि जुन्या ट्रॅक्टरांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांना सर्वांत अधिक अडविणारा भागही हाच आहे. एंजिनाचे दट्ट्ये, धारवे, टायर यांना पर्यायी माल थोड्याफार खटपटीने मिळतो. मूळची हत्यारपेटी मात्र बहुतेक यंत्रांवरून नाहीशी झालेली असते व तिच्या जागी काय बसवावे, हा प्रश्न केवळ पत्र्याचा न राहता पुराव्याचा होऊन बसतो.

पेटी नाहीशी होण्याची कारणे साधी आहेत. ती दोन किंवा चार बोल्टांवर अडकविलेली असल्याने सहज निघते. तिच्या तळाशी पाणी, माती व सांडलेले तेल साचून पत्रा आतून खातो. पुढे ट्रॅक्टरवर भारक किंवा चालककक्ष चढविताना आड येणारी वस्तू म्हणून ती काढून टाकली जाते. शिवाय तिच्यातील पाने चोरीस जातात आणि पाने गेल्यावर रिकाम्या पेटीची काळजी कोणी घेत नाही. त्यामुळे ज्या ट्रॅक्टराचे एंजिन ऐंशी वर्षांनंतरही सुरू होते त्याची पेटी बऱ्याचदा विसाव्या वर्षीच गेलेली असते.

उगम : ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीचे मूळ घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या कापणी यंत्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कापणी व गवतकापणी यंत्रांच्या दांडीवर बिडाची लहान पेटी असे व तिच्या झाकणावर उत्पादकाचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले असे. कापणीची पाती वारंवार बदलावी लागत आणि शेत गावापासून दूर असे. म्हणून पाना यंत्राबरोबर असणे आवश्यक होते. १९०२ मध्ये मॅकॉर्मिक, डीअरिंग व इतर काही कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी स्थापन झाली. तिने पुढे ट्रॅक्टर बांधावयास घेतले तेव्हा यंत्रावरच पेटी बसविण्याची ही जुनी रीतही त्यांत आली. अशा बिडाच्या झाकणांचा संग्रह करणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत. झाकण सापडते, पेटी सापडत नाही, हा त्यांचा नेहमीचा अनुभव होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीचे ट्रॅक्टर अवजड होते व ते चालविण्यासाठी बहुधा वाफेच्या एंजिनावर तयार झालेला जाणकार माणूस असे. १९०३ सालचा हार्ट-पार कंपनीचा तिसऱ्या क्रमांकाचा ट्रॅक्टर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्याच्या आकारमानावरूनही हे ध्यानात येते. अशा माणसाची हत्यारे त्याच्या स्वतःच्या खोक्यात असत. लहान व स्वस्त ट्रॅक्टर सामान्य शेतकऱ्याच्या हाती आल्यावर परिस्थिती पालटली. आता चालक हाच दुरुस्तीकार होता. त्यामुळे उत्पादकाने कोणती हत्यारे द्यावीत, ती कोठे ठेवावीत व शेतकऱ्याला त्यांच्याकडून काय काम करवून घ्यावे, हे आराखड्यातच ठरू लागले.

फोर्डसनचे उदाहरण : हेन्री फोर्ड यांनी १९१७ मध्ये मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे फोर्डसन ‘एफ’ या ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू केले. चार सिलिंडरांचे सु. २० अश्वशक्तीचे एंजिन आणि सु. १,२२५ किग्रॅ. वजन असलेल्या या यंत्राची अमेरिकेतील निर्मिती १९२८ मध्ये थांबली, तोपर्यंत असे सात लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले होते. स्वस्त व हलका असल्याने तो लोकप्रिय झाला. परंतु त्याच्यात एक गंभीर दोष होता. नांगराचा फाळ जमिनीतील मुळात किंवा खडकात अडकून मागची चाके थांबली, की एंजिनाची पीळशक्ती चाके फिरविण्याऐवजी ट्रॅक्टरचे धडच मागच्या आसाभोवती उलट्या दिशेने फिरवू लागे. पुढची चाके उचलली जात आणि चालकाला क्लच दाबण्यास पुरेसा वेळ मिळण्यापूर्वी ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटे. अशा अपघातांत अनेक माणसे दगावली.

यावर उपाय म्हणून १९२० नंतरच्या दशकात या ट्रॅक्टरला मागे लांबवर गेलेले मडगार्ड देण्यात येऊ लागले. ट्रॅक्टर मागे कलंडू लागला, की त्यांची शेपटीसारखी टोके जमिनीला टेकून उलटणे थांबावे, असा हेतू होता. याच टोकांत हत्यारपेट्या घडविलेल्या होत्या. म्हणजे येथे पेटी ही केवळ पाने ठेवण्याची जागा नव्हती. ती ज्या भागाचे अंग होती तो भाग चालकाचा जीव वाचविण्यासाठी होता.

जीर्णोद्धाराच्या दृष्टीने हे उदाहरण बोलके आहे. आज एखादा हौशी कारागीर बाह्य आकार जुळवून पातळ पत्र्याचे लांब मडगार्ड व त्यांत पेट्या तयार करतो. प्रदर्शनात उभा असताना असा ट्रॅक्टर अगदी बिनचूक दिसतो. परंतु तोच नांगरणीच्या स्पर्धेत उतरविला आणि फाळ अडकला, तर पातळ पत्रा दुमडून जाईल व चालकाला मात्र आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहील. मूळ भाग कशासाठी होता हे न समजता केलेली नक्कल कशी घातक ठरू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण या विषयात दुसरे नाही. याउलट, ज्या फोर्डसनला मुळातच असे मडगार्ड नव्हते त्याला ते ‘शोभते’ म्हणून चढविणे हेही इतिहासदृष्ट्या चूक आहे. मात्र ट्रॅक्टर कामाला लावावयाचा असेल, तर ही दुसरी चूक पहिलीपेक्षा पुष्कळच बरी, असे म्हणावे लागते.

पेटीतील हत्यारे : पेटीचा आकार तिच्यात काय मावावयाचे यावरून ठरतो. त्यामुळे आतील हत्यारे माहीत असल्याशिवाय पेटीची प्रतिकृती बरोबर येत नाही. काही ट्रॅक्टरांची हत्यारे त्यांच्या एंजिनाच्या प्रकाराशी निगडित असतात. जर्मनीतील मानहाइम येथील लांट्स कंपनीने फ्रिट्स हूबर यांच्या आराखड्याप्रमाणे १९२१ मध्ये ‘बुलडॉग’ हा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच्या सिलिंडराच्या डोक्यावरील पोकळ गोळा सुरुवातीस फुंकदिव्याने तापवावा लागे. त्यामुळे फुंकदिवा हे त्याचे अपरिहार्य हत्यार होते. पुढे आलेल्या बुलडॉगांत तर सुकाणूचक्र दांड्यासह उपसून ते प्रचक्रात खोचून एंजिनाला झोका देण्याची सोय होती. इंग्लंडमधील गेन्झबरो येथील मार्शल कंपनीचा ‘फील्ड मार्शल’ हा ट्रॅक्टर (१९४५ पासून) एक सिलिंडरी डीझेल एंजिनाचा होता. सिलिंडराच्या डोक्यात धुमसता कागद धरणारा स्क्रू बसवून तो हाताने सुरू करता येई किंवा बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस घालून त्याच्या खिळीवर हातोडा मारून सुरू करता येई. अशा ट्रॅक्टरच्या पेटीत हातोडा नसेल, तर ती अपुरीच म्हणावी लागते. मात्र काडतुसे पान्यांबरोबर सुटी ठेवणे धोक्याचे असल्याने त्यांसाठी वेगळा डबा असणे इष्ट असते. ज्या ट्रॅक्टरांत एंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसिनसारख्या जड तेलावर चालवीत त्यांचे स्पार्क प्लग काजळीने वारंवार मळत. म्हणून प्लगचा पाना हाताशी लागे.

हॅरी फर्ग्युसन यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या रीतीने पाहिले. त्यांचा ‘टीई–२०’ हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्री येथील बॅनर लेन कारखान्यात तयार झाला व त्याची संख्या पाच लाखांच्या वर गेली. या ट्रॅक्टरच्या व त्याला जोडावयाच्या अवजारांच्या नेहमी सैल-घट्ट कराव्या लागणाऱ्या बहुतेक नटांची मापे जाणीवपूर्वक दोनच ठेवली होती आणि दोन्ही टोकांना दोन जबडे असलेला एकच पाना त्या सर्वांना चाले. या पान्याच्या दांड्यावर इंचांच्या खुणा कोरलेल्या असत. त्यामुळे तोच नांगरटीची खोली व रुंदी मोजण्याची पट्टीही होई. चाकांमधील अंतर ४ इंचांच्या टप्प्यांनी बदलता येई, तेही याच पान्याने. हत्यारपेटी लहान करण्याचा खरा मार्ग म्हणजे ट्रॅक्टरच नीट आखणे, ही गोष्ट फर्ग्युसन यांच्या या एका पान्याने सिद्ध केली. आज मूळ फर्ग्युसन पाने संग्राहकांत मागणीची वस्तू झाले असून त्यांच्या नकलाही निघाल्या आहेत.

पाने व आटे : पेटीत कोणते पाने असावेत हे ट्रॅक्टरवरील बोल्टांच्या आट्यांवरून ठरते आणि येथे जाणकारही फसतात. इंग्लंडमध्ये जोझेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेले आटे व त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले बारीक ब्रिटिश आटे (बी.एस.एफ.) प्रचलित होते. अमेरिकेत निराळे आटे होते. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या यंत्रांचे भाग एकमेकांस न जुळल्याने झालेल्या अडचणींतून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकीकृत आट्यांचा करार केला. यूरोप खंडातील ट्रॅक्टरांवर मेट्रिक आटे होते.

घोटाळा होतो तो पान्यावरील अंकांमुळे. व्हिटवर्थ व बी.एस.एफ. पान्यावरील अंक बोल्टाच्या व्यासाचा असतो. अमेरिकी पद्धतीच्या पान्यावरील अंक नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतराचा असतो. उदा., ज्या पान्यावर ७/१६ व्हिटवर्थ व १/२ बी.एस.एफ. असे दोन्ही अंक असतात त्याच्या जबड्याचे अंतर ०·८२ इंच (सु. २०·८ मिमी.) असते. १/२ इंच व्यासाच्या एकीकृत आट्याच्या बोल्टाच्या नटास मात्र ०·७५ इंच (सु. १९ मिमी.) अंतराचा पाना लागतो. पहिला पाना दुसऱ्या नटावर सैल बसून त्याचे कोपरे झिजवितो. म्हणून जुन्या अमेरिकी ट्रॅक्टरच्या पेटीत सुंदर व्हिटवर्थ पाने मांडून ठेवणे हे पाहणाऱ्यास कितीही रुचले, तरी ती पेटी खोटी ठरते. पाने हाताळून नटांवर लावून पाहणे, ही पेटीच्या अस्सलपणाची सोपी कसोटी होय.

काळ ठरविणे : एखादी पेटी विशिष्ट ट्रॅक्टरचीच आहे की दुसरीकडून आणलेली, हे ठरविण्यासाठी प्रथम उत्पादकाचे सुट्या भागांचे पुस्तक पाहतात. त्यातील भागक्रमांक आणि तो कोणत्या यंत्रक्रमांकापासून कोणत्या यंत्रक्रमांकापर्यंत लागू आहे याची नोंद सर्वांत विश्वसनीय होय. एकाच नावाच्या ट्रॅक्टरावर दहा वर्षांत पेटीची जागा दोन-तीनदा बदलली असणे शक्य असते. म्हणून ‘या ट्रॅक्टरवर पेटी येथे असते’ असे सरसकट विधान करणे योग्य नाही. जुन्या जाहिरातींतील चित्रांवर फार विसंबू नये. ती बरीचशी हाताने रंगविलेली किंवा उत्पादनापूर्वीच्या नमुन्याची असतात. शेतात काम करताना घेतलेली साधी छायाचित्रे त्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

त्यानंतरचा पुरावा वस्तूवरच असतो. रिव्हेटांनी जोडलेले कोपरे, ठिपक्यांचा वितळजोड व सलग वितळजोड यांवरून घडणीचा काळ अंदाजता येतो. वायूच्या आवरणाखाली तार वितळवून केलेल्या जोडाची सुबक, खवल्यांसारखी कड १९२० च्या सुमाराच्या पेटीवर दिसली, तर ती पेटी नवी किंवा दुरुस्त केलेली समजावी. कारण हे तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आले. अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० नंतरच्या दशकात वापरात येऊ लागले. त्यापूर्वीच्या पेटीवर सरळ खाचेचेच स्क्रू हवेत. बोल्टाच्या डोक्यावर ‘८·८’ असा अंक कोरलेला असला, तर तो आधुनिक मेट्रिक बोल्ट होय. जुन्या अमेरिकी पेटीवर तो दिसणे म्हणजे एखाद्या पेशवेकालीन वाड्याच्या दारावर वीजघंटी दिसण्यासारखे आहे.

रंगाचे थर हा सर्वांत नाजूक व सर्वांत जास्त नष्ट केला जाणारा पुरावा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपल्या ट्रॅक्टरांचा करडा रंग बदलून १९३६ च्या नोव्हेंबरपासून लाल केला. तेव्हा १९३० सालच्या करड्या ट्रॅक्टरवरील पेटीत तळचा पहिलाच थर लाल निघाला, तर ती पेटी मागाहूनच्या यंत्रावरची आहे. इंग्लंडमधील डॅगनम येथे तयार होणारे फोर्डसन १९३७ मध्ये नारिंगी झाले आणि युद्धकाळात शत्रूच्या विमानांना शेतात सहज दिसू नयेत म्हणून ते हिरवे रंगविले जाऊ लागले. पेटीच्या बाहेरील रंग अनेकदा खरवडला गेलेला असतो, पण झाकणाच्या बिजागरीखाली आणि पेटी ज्या आधारपट्टीवर टेकते तिच्या मागे मूळ थर शिल्लक राहतात. तेथे बोटाच्या नखाएवढी जागा बारीक कागदाने तिरपी घासली, की झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे थर एकामागून एक दिसू लागतात. वाळूच्या माऱ्याने पेटी साफ करणारा कारागीर पाच मिनिटांत हा सर्व इतिहास पुसून टाकतो.

साफसफाई व दुरुस्ती : जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा असल्याने तो कोरडा घासू नये, ओलसर ठेवून व नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधून काम करावे. पत्रा पातळ असेल, तर वाळूच्या जोरदार माऱ्याने तो तापून व ताणून फुगतो आणि झाकण पुन्हा बसत नाही. गंज काढण्याची सौम्य रीत म्हणजे विद्युत् विच्छेदन. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी घेऊन त्यात दर लिटरला सु. एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवितात. पेटी विद्युत् घट भारित करणाऱ्या यंत्राच्या ऋण टोकास व टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकास जोडतात. गंज सैल होऊन ब्रशाने निघतो व शाबूत धातू झिजत नाही. मात्र सैल झालेला रंगही या रीतीने निघत असल्याने थरांची नोंद अगोदरच केलेली असावी. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे ती उघड्यावर व ठिणगीपासून दूर करतात. धन टोकास स्टेनलेस पोलादाची पट्टी कधीही लावू नये. तिच्यातील क्रोमियमाची अत्यंत विषारी संयुगे द्रावणात उतरतात. ही चूक वरचेवर होते, कारण स्टेनलेस पट्टी लवकर खराब होत नाही म्हणून ती सोयीची वाटते.

तळ खाल्लेला असेल, तर पूर्ण पेटी टाकून न देता फक्त तळाचा पत्रा बदलावा. बाजूचे पोचे, झाकणावरील ओरखडे, शेतकऱ्याने छिन्नीने कोरलेली अक्षरे यांना हात लावू नये.

नवी पेटी करणे व बसविणे : मूळ पेटी मिळतच नसेल, तर तशाच शाबूत पेटीची मापे घेऊन नवी करतात. प्रथम जाड पुठ्ठ्याची पेटी करून ती ट्रॅक्टरवर धरून पाहणे श्रेयस्कर. सुकाणूचा दांडा, ब्रेकचे पायटे आणि बॉनेट यांची हालचाल अडत नाही ना, हे तेव्हाच कळते. पत्रा सामान्यतः १६ किंवा १८ गेजचा (सु. १·६ किंवा १·२ मिमी.) नरम पोलादाचा घेतात. पत्रा मुडपताना बाहेरची बाजू ताणली व आतली आक्रसली जाते. त्यामुळे सपाट पत्र्याची लांबी तयार पेटीच्या बाहेरील मापांच्या बेरजेपेक्षा कमी लागते. १·६ मिमी. पत्रा त्याच्या जाडीएवढ्या अंतर्त्रिज्येने काटकोनात मुडपल्यास प्रत्येक मोडीमागे सु. २·५ ते ३ मिमी. वजा करावे लागतात. चार मोडींत हा फरक एक सेंमी.च्या घरात जातो आणि तो विसरल्यास झाकण पेटीला कधीच जुळत नाही. तळाला ५–६ मिमी. व्यासाची एक-दोन छिद्रे ठेवावीत. पाने वाजू नयेत म्हणून नमदा अंथरण्याची पद्धत आहे, पण तो चिकटवू नये. चिकटविलेला नमदा ओल धरून ठेवतो व पेटी पुन्हा तळातून खाल्ली जाते.

पेटी बसविताना ट्रॅक्टरच्या ओतीव भागांवर एकही नवे छिद्र पाडू नये, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. दंतचक्रपेटीचे कवच बिडाचे असते. त्यावर एका जागी वितळजोड केल्यास असमान तापण्याने त्याला तडा जाण्याचा धोका असतो. पेटीची मूळ आधारपट्टी पुष्कळदा दंतचक्रपेटीच्या झाकणाच्याच बोल्टांखाली धरलेली असते. तेथे जाड पट्टी घातली, तर बोल्ट तितकाच लांब घ्यावा लागतो. तो तोकडा पडला तर आट्यांत पुरेसा न धरल्याने तेल गळते आणि बंद छिद्रात जास्त लांब घेतला तर टोक तळाशी टेकून बीड फोडतो. पट्टीची जाडी, वर्तुळचकतीची जाडी व छिद्राची खोली मोजून बोल्ट ठरविण्याचे हे दहा मिनिटांचे काम आळसाने टाळले गेल्यामुळे शाबूत कवचे फुटल्याची उदाहरणे कारखान्यांतून पाहावयास मिळतात. एक सिलिंडरी एंजिनाच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात. म्हणून त्यांखाली स्प्रिंगची चकती घालून पहिल्या काही तासांच्या कामानंतर ते पुन्हा आवळावेत.

अस्सल व नक्कल : ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये जुन्या ट्रॅक्टरांच्या व एंजिनांच्या हौशी मंडळींचा राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. अमेरिकेत आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट येथे जुन्या मळणी यंत्रांचा मेळावा १९५० पासून भरतो. अशा मेळाव्यांत व लिलावांत मूळ भागांना मोठा मान व मोल मिळत असल्यामुळे नवी पेटी जुनी भासविण्याची प्रवृत्ती वाढली आहे. अम्लाने गंज आणणे, जुना क्रमांक ठोकणे, मळका रंग फासणे हे प्रकार त्यातलेच. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने भर घातलेला भाग मूळ भागापासून ओळखता यावा हे तत्त्व मांडले. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे ट्यूरिन सनदेद्वारे तशाच विचारांना वाहनांच्या क्षेत्रात मान्यता दिली. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की नव्या पेटीच्या आतल्या बाजूस, झाकण उघडल्यावरच दिसेल अशा जागी, घडविल्याचे वर्ष ठोकावे आणि काढलेले मूळ अवशेष फेकून न देता चिठ्ठी लावून जपावेत. बाहेरून पेटी काळाला साजेशी दिसण्यास यामुळे काही बाधा येत नाही.

जुनी पोचे पडलेली मूळ पेटी ठेवावी की चकचकीत प्रतिकृती बसवावी, याविषयी मतभेद आहेत. ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशीसारखा दिसावा, असे एका पक्षाचे म्हणणे. तो शेतातून परत आला त्या दिवशीसारखा राहावा, असे दुसऱ्याचे. पेटीपुरते पाहता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो, कारण रंगविलेले एंजिन पुन्हा उघडून तपासता येते, परंतु पेटीजवळ तिच्या पत्र्याखेरीज सांगण्यासारखे दुसरे काही नसते.

भारतातील स्थिती : भारतात ट्रॅक्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेच्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्याच्या कामापासून दिसू लागला. देशात जुळणी व उत्पादन १९५९ मध्ये फरीदाबाद येथे आयशर ट्रॅक्टरने सुरू झाले. १९६० नंतरच्या दशकात मद्रासला मॅसी-फर्ग्युसन व मुंबईस इंटरनॅशनल बी–२७५ हे ट्रॅक्टर निघू लागले. १९७१ मध्ये पिंजोर येथे झेटरच्या सहकार्याने एच.एम.टी.चा आणि १९७४ मध्ये स्वराज व नासिकचा किर्लोस्कर हे ट्रॅक्टर आले. मॅसी-फर्ग्युसन व बी–२७५ यांना इंची, तर झेटर व जर्मन डॉइट्स या मूळ नमुन्यांवरून निघालेल्यांना मेट्रिक पाने लागत. एकाच वस्तीवर दोन जातींचे ट्रॅक्टर असले, की पेटीत दोन्ही पद्धतींचे पाने मिसळून जात. पेटीतून अशी सरमिसळ निघाल्यास ती कोणा संग्राहकाची चूक नसून त्या शेताचीच नोंद असू शकते.

या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळ अजून कामावर आहेत. त्यामुळे हत्यारपेटी येथे संग्रहाची वस्तू झालेली नाही. तिच्यात आजही लिंच पिना, कॉटर पिना, सुतळी, चिंध्या व एखादा घासून गुळगुळीत झालेला सरकपाना असतो. कारखान्याची मूळ पेटी मोडल्यावर गावच्या लोहाराकडून किंवा तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानातून जाड पत्र्याची, कडीकोयंडा व कुलूप असलेली पेटी करवून घेण्याची रीत महाराष्ट्रात सर्रास आढळते. जुन्या ट्रॅक्टरांच्या जीर्णोद्धाराची हौस आपल्याकडे रुजू लागली असताना अशी पेटी काढून कारखान्याच्या नमुन्याची नवी बसवावी काय, हा प्रश्न उपस्थित होतो. एखाद्या बी–२७५ वर कारखान्याची पेटी आठ वर्षे आणि लोहाराची पस्तीस वर्षे राहिली असेल, तर दुसरीही त्या ट्रॅक्टरच्या काळाचीच होय. ती काढावयाची झाल्यास निदान तिची छायाचित्रे, मापे, पत्र्याची जाडी आणि झाकणावर कोरलेले नाव यांची नोंद अगोदर करून घ्यावी. [⟶ ट्रॅक्टर, शेतीची अवजारे व यंत्रे].